विकणारा वेगळा, शिकवणारा वेगळा

ऑक्टोबर २०२२मध्ये बायजूज या ऑनलाइन शिक्षण कंपनीने जाहीर केलं, की आपल्या ५० हजार कर्मचाऱ्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास माणसं कमी करणार. महिनाही उलटला नव्हता, तोच या कंपनीचा जागतिक सदिच्छादूत म्हणून लिओनेल मेस्सीचे फोटो झळकले. कतारच्या फुटबॉल विश्वचषकाच्या प्रायोजकांतही तिचं नाव होतं. या दोन बातम्यांवरून आमच्या घरात जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. गणपती असोत, दिवाळी असो की कुणाचं डोहाळजेवण. पानं उचलली गेली, की दोघं समोरासमोर बसतातच.

एक माझी थोरली बहीण. सांगलीला विश्रामबागेत तिने आयुष्यभर आठवी ते दहावीच्या गणिताचे क्लास घेतले. दुसरा माझा मुलगा. मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि बेंगळुरूच्या एका ऑनलाइन शिक्षण कंपनीत विक्री विभागात लागला. तिथून बाहेर पडून आता पुण्यात एका लहानशा कंपनीत शिक्षकांच्या टीमचं काम बघतो. त्याच्या पहिल्या कंपनीचं नाव मी देत नाही. मी स्वतः बँकेतून निवृत्त झालेला, म्हणजे दोघांच्याही मते कालबाह्य. खाली आहे ते एका बैठकीतलं नाही. वेळोवेळी ऐकलेलं जुळवून लिहिलं आहे.

वाटेल, क्लासवाली बाई कंपन्यांवर तुटून पडली असेल आणि पोरगा त्यांची बाजू घेत असेल. आमच्याकडे उलटं आहे.

आत्या : शिव्या घालतोस त्या कंपनीला, पण पहिल्या पगारातून आईला दोन दारांचा फ्रिज आणलास तो कुणाच्या जिवावर?

भाचा : सात अधिक तीन होते गं. वर्षाला सात लाख पक्के, आणि टार्गेट झालं तर वरचे तीन. विक्रीवाल्या पोरांत तेव्हा हाच आकडा तोंडी असायचा. आमच्या कॉलेजात आयटी कंपन्या साडेतीन लाखांवर उचलत होत्या.

आत्या : मग? साठ टक्केवाल्याला साडेतीनच्या जागी सात कुणी दिले असते? आणि तुझ्याबरोबर कोण होतं? आयआयटीची पोरं?

भाचा : नाही. कानपूर, कटक, आपल्याकडचे लातूर-नांदेडचे. कुणी बी.फार्म., कुणी एमबीए. सगळे चोवीस-पंचवीसचे. मॅनेजर सव्वीसचा.

आत्या : मी तेच म्हणते. लातूरचं पोरगं विमानाने बेंगळुरूला गेलं, घरचं कर्ज फेडलं, चार माणसांत इंग्रजी बोलायला लागलं. आमच्या काळी एम.एस्सी. झालेली माणसं मोठ्या क्लासमध्ये तासावर राबायची. दिवाळीला मिठाईचा पुडा मिळायचा, पीएफ हा शब्दसुद्धा कुणी काढायचं नाही. मे महिन्यात क्लास बंद, तर पगारही बंद. त्याला तुम्ही काय म्हणता, वर्क कल्चर का काय, ते होतं का?

भाचा : पैसे दिले हे मान्य. कशाचे दिले ते ऐक. रोज दोन तास टॉक टाइम. समोरच्याने फोन उचलून बोललेला वेळच त्यात धरायचा, रिंग वाजते तो नाही. दोन तास भरायला शंभरेक फोन लावावे लागायचे. डायलर सगळं मोजायचा. संध्याकाळी ग्रुपवर यादी पडायची. वरचे हिरव्या रंगात, खालचे लाल. रविवारी सगळ्यात जास्त काम, कारण रविवारी मुलांचे बाप घरी असतात. आमची सुट्टी मंगळवारी.

आत्या : एलआयसीच्या एजंटाला टार्गेट नसतं? आमच्या गल्लीतला मार्च लागला, की संकष्टीलासुद्धा दारात उभा.

भाचा : तो गल्लीतलाच आहे, आत्या. हप्ता चुकला तर तोच आठवण करतो, क्लेम अडकला तर तोच तुझ्याबरोबर ऑफिसात येतो. मी ज्यांना विकलं त्यांतलं एकही माणूस मला पुन्हा दिसलं नाही.

बहीण सहसा उत्तरासाठी थांबत नाही, पण या वाक्याला थांबली. मग म्हणाली, तू विकायचास कसं ते तरी सांग एकदा. त्याने जे सांगितलं, ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

भाचा : त्याच कंपनीने पुण्यात पाठवलं होतं तेव्हाचं सांगतो. चिखलीत दोन खोल्यांचं घर. वडील ठेकेदाराकडे फिटर, मुलगी सातवीत. फोनवर वेळ ठरलेली, मी टॅब घेऊन गेलो. आधी मुलीशी बोलायचं. आवडता विषय कोणता, मोठी झाल्यावर काय व्हायचंय. मग म्हणायचं, चल, तुला तीन प्रश्न विचारतो. पहिले दोन तिच्याच इयत्तेतले, ते तिला येतात. आईबाप खूश. तिसरा नववीतला. ती अडते. आणि आता आपण गप्प बसायचं. ट्रेनिंगमध्ये हे बजावून सांगितलेलं, की गप्प बसा, तोडून बोलू नका. ती खाली बघते, बाप तिच्याकडे बघतो, आई उगाच पाण्याचा पेला उचलून आत नेते. मग आपण हळूच म्हणायचं, 'मुलगी हुशार आहे. फक्त पाया थोडा कच्चा राहिलाय.'

आत्या : आणि तिला तो तिसरा आला असता तर?

भाचा : चौथा होता.

आत्या : ...

भाचा : किंमत शेवटी काढायची, तीही महिन्याची. साडेतीन हजार महिना. दोन वर्षांचे चौऱ्याऐंशी हजार होतात हे आपण बोलायचं नाही. आधार, पॅन, बँकेचा कोरा चेक. वडील सही करतात ती वित्त कंपनीच्या कर्जावर. त्यांना वाटतं, आपण फी भरतोय. चौथ्या महिन्यात त्यांनी ॲप बंद केलं तरी हप्ता कापला जातोच.

आत्या : शाळेत बाईंनी वर्गात उभं करून उत्तर येत नाही म्हणून हसलं, तर आपण मुख्याध्यापकांकडे जातो. इथे स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईबापासमोर. छे!

(वाद संपला असं मला वाटलं. पण ती क्लास चालवलेली बाई आहे.)

आत्या : पण हे तुमच्या बेंगळुरूने शोधलं असं समजू नकोस. शहरातले क्लासवाले प्रवेश परीक्षा घ्यायचे ती कशासाठी? पन्नासातल्या पंचेचाळिसांना 'फाउंडेशन बॅच' घ्यायला लावायला. निकाल लागला, की चौकात फ्लेक्स. एकच टॉपर तीन क्लासच्या फ्लेक्सवर मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. त्या पोराला विचारलं तर म्हणाला, काकू, मी तर घरीच अभ्यास केला.

भाचा : फ्लेक्स लावणारा क्लासवाला दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून स्कूटरवरून जातो ना?

आत्या : जातो.

भाचा : आणि ज्याच्या पोराचं नुकसान झालं तो त्याला तिथेच अडवतो.

आत्या : अडवतो. एकाला तर कॉलर धरून अडवलेला बघितलाय.

भाचा : बायजूजला अडवायला दिल्लीहून बालहक्क आयोगाला नोटीस काढावी लागली, डिसेंबर २०२२मध्ये. पालकांना भुलवून, कर्ज काढायला लावून कोर्स गळ्यात मारतात अशा तक्रारी होत्या. तेव्हा कुठे कंपनीने सांगितलं, की घरोघर जाऊन विकणं थांबवतोय आणि महिना २५ हजारांहून कमी मिळकत असलेल्या घरात विकणार नाही. म्हणजे तोवर विकत होते, असाच त्याचा अर्थ ना?

त्याच्याही वर्षभर आधी, डिसेंबर २०२१मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी सूचना काढली होती : खात्यातून आपोआप पैसे वळते करून घेण्याला संमती देऊ नका, काही कंपन्या अशा सह्या घेऊन कमजोर आर्थिक स्थितीच्या घरांना गाठतात. आमच्या शाखेत असे लोक यायचे. हप्ता थांबवा म्हणायचे. आम्ही सांगायचो, तुमचीच सही आहे. मला माझी शाखा आठवली, की या वादात तटस्थ राहणं जड जातं.

आत्या : बरं, विक्रीचं सोड. शिकवणारे? तुझ्या कंपनीत शिक्षक होते की नाही?

भाचा : होते. दुसऱ्या इमारतीत.

आत्या : म्हणजे?

भाचा : स्टुडिओ तिकडे होता. मी होतो तेवढ्या काळात एकदाच गेलो, तेही नवीन लोकांना दाखवायला नेलं म्हणून. एक सर रसायनशास्त्र शिकवत होते, फार सुंदर. मागे हिरवा पडदा, समोर अक्षरं सरकणारा स्क्रीन. सहा मिनिटांचा व्हिडिओ. त्याला विषयतज्ज्ञ वेगळा, लिहिणारा वेगळा, चित्रं हलवणारा वेगळा. सर मध्येच विचारतात, 'समजलं?' आणि तीन सेकंद थांबतात, कारण लिहिलेलंच असतं, तीन सेकंद थांबा. लाइव्ह वर्ग असतो तिथे म्हणतात, समजलं असेल तर चॅटमध्ये १ टाका. धडाधड एक एक एक एक.

आत्या : न समजलेला काय टाकतो?

भाचा : तोही १ टाकतो.

आत्या : वर्गातसुद्धा सगळे 'हो बाई' म्हणतात. म्हणून मी वही मागायचे. वही खोटं बोलत नाही.

भाचा : वही मागायला आमच्याकडे मेंटॉर होते. एकेकाकडे दोनशे-अडीचशे मुलं. मी विकताना सांगून आलेलो असायचो, सर दर आठवड्याला स्वतः फोन करतील. सरांना त्याचा पत्ता नाही. फोन यायचा मेंटॉर मुलीचा, दोन मिनिटांचा, आणि मी दिलेल्या शब्दाच्या शिव्या ती खायची. तिचं नि माझं एकाच कॅन्टीनमध्ये जेवण व्हायचं, पण माझं गिऱ्हाईक तिच्याकडे गेलंय हे तिला माहीत नाही आणि मलाही नाही. त्या कंपनीत विकणारा आणि शिकवणारा यांची गाठ पडेल अशी जागाच ठेवली नव्हती.

आत्या : पण मला हे कळत नाही, की बायजूजचा तो रवींद्रन स्वतः शिक्षक. कण्णूरजवळच्या अळिकोडचा, आईवडील दोघंही शिक्षक. कॅटच्या परीक्षेला बसणारी पोरं त्याच्या तासाला स्टेडियम भरून टाकायची म्हणतात. २०११ला कंपनी काढली तेव्हा बरोबर घेतली ती त्याचीच विद्यार्थी मंडळी. २०१५ला ॲप. असल्या माणसाच्या कंपनीत शिकवणं मागे कसं पडतं?

भाचा : मालक कोण होता यावरून कंपनी कशी आहे ते ठरत नाही गं. महिन्याच्या शेवटी बोनस कशाला मिळतो, त्यावरून ठरतं.

इथे मला राहवलं नाही. आयुष्यभर जमाखर्च बघितलेला माणूस मी. म्हटलं, यातली खरी मेख हिशेबाच्या वहीत आहे. वर्षाची फी आगाऊ घेतली, की ती लगेच आपली कमाई होत नाही. शिकवून होईपर्यंत ती देणं म्हणून उभी राहते. जसजसं शिकवू, तसतशी कमाईत येते. बायजूजने २०२०-२१ या वर्षाचा ताळेबंद, वर्ष संपल्यावर दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२मध्ये दाखवला. तोटा ४,५८८ कोटी रुपयांचा. तो एवढा दिसण्यामागे इतर कारणांबरोबर हेही होतं, की लेखापरीक्षकांच्या आग्रहाने उत्पन्न धरण्याची पद्धत बदलली आणि विकून झालेल्या बऱ्याच कोर्सचे पैसे पुढच्या वर्षांत ढकलावे लागले. पुढे जून २०२३मध्ये डेलॉइट या लेखापरीक्षकांनीच काम सोडलं आणि गुंतवणूकदारांचे तीन संचालकही बाहेर पडले.

भाचा : बाबा, आमच्या मजल्यावर नेमकं हेच होतं. विकलं त्या संध्याकाळी ग्रुपवर टाळ्या, फोटो, कधी पिझ्झा. त्या चिखलीच्या मुलीने पहिला धडा उघडला का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आत्या : माणसं वाईट होती का रे?

भाचा : नाही ना! तोच तर गोंधळ. माझा मॅनेजर मला ताप आला तेव्हा खिचडी घेऊन फ्लॅटवर आला. मी खात होतो, तर समोर बसून विचारतो, दुपारपर्यंत दोन कॉल होतील का? त्याच्या डोक्यावर त्याचा मॅनेजर होता. त्यालाही यादी होती, लाल-हिरवी.

पुढे स्त्रियांचा विषय निघाला. त्यावर बहीण कधीच माघार घेत नाही, आणि माझ्या मते तिने घेऊही नये.

आत्या : माझ्या शेजारची सून कॉम्प्युटर इंजिनिअर. दोन मुलं झाली, नोकरी सुटली. सांगलीत कोण देतंय नोकरी? अशाच एका कंपनीत घरून शिकवायला लागली. स्वयंपाक उरकायचा, दार लावून घ्यायचं, अमेरिकेतल्या पोराला कोडिंग शिकवायचं. पहिले पैसे आले त्या दिवशी सासू मला सांगायला आली, सून नाही. तुमची ती व्हाइटहॅट ज्युनिअर, २०१८मध्ये मुंबईत निघालेली, तिने हजारो बायकांना असं घरून काम दिलं. कुठल्या क्लासवाल्याने दिलं असतं?

भाचा : दिलं. त्याच कंपनीने २०२०मध्ये सहा वर्षांच्या पोरांनी कोडिंग शिकलंच पाहिजे अशा जाहिरातींचा भडिमार केला. जाहिरात मानक परिषदेने पाच जाहिराती मागे घ्यायला लावल्या. एक अभियंता जाहीरपणे टीका करत होता, त्याच्यावर २० कोटींचा दावा ठोकला. पुढे मागे घेतला ती गोष्ट वेगळी. आणि २०२२मध्ये घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ऑफिसला परत या म्हटल्यावर ८००हून जास्त जणांनी राजीनामे दिल्याची बातमी आली. तुझ्या शेजारच्या सुनेचं काय झालं?

आत्या : तिला तासावर पैसे होते. मुलगा आला नाही तर तास बुडाला. मग हळूहळू तासच येईनासे झाले. कुणी काढलं नाही तिला, नुसतं वेळापत्रक रिकामं झालं.

भाचा : हेच म्हणतोय मी.

आत्या : तू म्हणतोयस ते निम्मं. ती आज स्वतःचे ऑनलाइन तास घेते, सांगलीत बसून. कॅमेऱ्यासमोर बोलायला तिला कंपनीने शिकवलं. वाईट संपलं म्हणून चांगलं झालेलं पुसून टाकायचं नसतं.

यावर मुलाकडे उत्तर नव्हतं. असेल तर त्याने दिलं नाही.

नोकरकपातीवर दोघांचं फारसं दुमत नाही, म्हणून तो भाग थोडक्यात. केरळात तिरुअनंतपुरमच्या टेक्नोपार्कमधल्या बायजूजच्या कर्मचाऱ्यांना २०२२च्या ऑक्टोबरात राजीनामे द्यायला सांगितलं गेलं, तेव्हा ते थेट राज्याच्या कामगारमंत्र्यांकडे गेले. कंपनीला तिथलं केंद्र बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा लागला. अनॅकॅडमी या दुसऱ्या ऑनलाइन शिक्षण कंपनीच्या संस्थापकाने आता कपात नाही असं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२२मध्ये सुमारे ३५० जणांना काढताना त्याला त्याबद्दल माफी मागावी लागली. बहिणीचं म्हणणं, निदान मागितली तरी. मुलाचं म्हणणं, माफीवर घरभाडं भागत नाही. बायजूजने मार्च २०२४मध्ये मुख्यालय वगळता बहुतेक कार्यालयं रिकामी केली, आणि जुलै २०२४मध्ये क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. भारतीय संघाच्या जर्सीवर नाव झळकवण्याचे पैसे होते ते.

आत्या : तुमच्यात युनियन का नव्हती? तुझा बाप बँकेत युनियनच्या जिवावर तीस वर्षं मान ताठ ठेवून राहिला.

भाचा : प्रत्येकाला वाटत होतं, सहा महिन्यांत मी मॅनेजर होणार. मॅनेजर होणारा माणूस युनियन कशाला काढेल? आणि लाल यादीतला पोरगा काढायच्या आतच पेपर टाकून घरी जायचा. त्याच्या जागी सोमवारी नवी बॅच.

आत्या : मग तुझ्या मते चांगली कंपनी कुठली? खान अकादमी म्हणू नकोस. साल खानने २००४मध्ये चुलत-मामेबहिणीला गणित शिकवता शिकवता सुरू केली, २००८ला ती ना-नफा संस्था झाली. देणग्यांवर चालते. तिला विकायचंच नाही, तर विक्री विभाग बिघडणार कुठून?

भाचा : नाही म्हणत. फिजिक्सवाला बघ. अलख पांडे, प्रयागराजचा. आधी यूट्यूबवर शिकवत होता, २०२०मध्ये प्रतीक माहेश्वरीबरोबर कंपनी केली. पोरं आधी फुकट बघतात, मास्तर पटला तर कमी फीची बॅच घेतात. घरी जाऊन चौथा प्रश्न विचारायची गरज पडत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये शेअर बाजारात आली.

आत्या : आणि २०२३मध्ये त्याचे शिक्षक फुटले, वेगळा चॅनल काढला, यूट्यूबवर रडारड झाली, ते? अरे, हे तर आमच्या क्लासचंच. सर फुटले, की अर्धी बॅच फुटते. विक्रीवाल्याच्या हातात दिलं तरी भांडण, मास्तरच्या हातात दिलं तरी भांडण. शिवाय आता तेही शहराशहरांत 'विद्यापीठ' नावाची सेंटर उघडताहेत. आले ना फळ्यापाशी?

भाचा : आले. पण का आले ते बघ. पालकाला कुणीतरी समोर लागतं, ज्याला जाऊन विचारता येईल.

आत्या : मग पुण्याचंच उदाहरण घे ना. २००१मध्ये एमकेसीएल निघाली, राज्याच्या उच्च शिक्षण विभागाच्या पुढाकाराने. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स तिचाच. धडे स्क्रीनवरच होते, पण तालुक्यातालुक्यात, बाजारपेठेत, एसटी स्टँडच्या मागे सेंटर. सरकारी नोकरीला लागतं म्हणून लोक आले हे खरं. तरीपण आमच्या भागात सेंटर चालवणारा पोरगा फी घ्यायचा, माऊस कसा धरायचा तेही दाखवायचा, आणि परीक्षेच्या दिवशी लाइट गेली तर जनरेटर शोधत तोच पळायचा.

भाचा : म्हणजे विकणारा आणि शिकवणारा एकच.

आत्या : ... माझ्याच तोंडून वदवून घेतलंस होय रे!

त्या दिवशीचं बोलणं या हसण्यावर थांबलं. पुढच्या वेळी बहिणीने नव्याने सुरुवात केली : एकाच माणसाने विकायचं आणि शिकवायचं, तर कंपनी पन्नास मुलांपलीकडे जाणारच नाही, मग गडचिरोलीच्या मुलीला चांगला गणिताचा शिक्षक कोण देणार? माझ्या क्लासला सांगलीबाहेरचं एक पोर कधी आलं नाही. हा प्रश्न तिचा सर्वांत भक्कम आहे, आणि मुलाने त्याला दिलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. तो त्याच्या सध्याच्या कंपनीचं उदाहरण देतो. तिथे विक्रीवाल्याला बोनस दोन हप्त्यांत मिळतो : अर्धा विक्रीनंतर, अर्धा मूल तीन महिने टिकलं तर. विकणाऱ्याने महिन्यातून एक पूर्ण दिवस तक्रारींच्या फोनवर बसायचं, आपणच विकलेल्या घरांच्या. आणि पालकाशी पहिलं बोलणं होतं तेव्हा शिकवणारी बाई फोनवर हजर असलीच पाहिजे.

आत्या : आणि विक्री?

भाचा : कमी होते. बाई फोनवर असली, की खोटं बोलता येत नाही.

आत्या : पगार?

भाचा : सात अधिक तीन नाही मिळत.

आत्या : कंपनी टिकेल?

भाचा : यंदाचं वर्ष तरी.

माझा कौल विचाराल, तर बहिणीचं एक म्हणणं मी पूर्ण मानतो : शिकवणीचा बाजार या कंपन्यांच्या आधीपासून होता, आणि तो सोवळा कधीच नव्हता. या कंपन्यांनी ज्यांना पगार, ओळख, घरबसल्या काम दिलं, त्यांच्या हातात ते खरोखर आलं. पण मुलाने दाखवलेली गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. कार्यालयात बीन बॅग होत्या की नव्हत्या, सोमवारी टाउन हॉल व्हायचा की नाही, याने काही बिघडत नाही. शब्द देणारा आणि शब्द पाळणारा यांना एकमेकांचं नावही माहीत नसेल, तर तिथली भली माणसंसुद्धा चौथा प्रश्न विचारायला लागतात.

म्हणून पालकांना एक विनंती. तुमच्याकडे असा मुलगा आला, किंवा त्याचा फोन आला, तर त्याच्याशी नीट बोला. तो संध्याकाळच्या यादीला घाबरलेला असतो. मात्र तुमच्या मुलीला त्याला प्रश्न विचारू देण्याआधी तुम्ही त्याला तीन विचारा. शिकवणार कोण? त्यांच्याशी आज, आत्ता बोलता येईल का? आणि मी सही करतोय तो कागद फीचा आहे की कर्जाचा? तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर वाचा.